अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र

दिघीतल्या त्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर रविवारी सकाळी कपडे वाळत घालायला येणाऱ्या बायकांना दिपालीच्या चालण्याची आता सवय झाली होती. पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या दारापर्यंत आणि दारापासून पुन्हा टाकीपर्यंत, चार इंची टाचांच्या सँडलवर ती पाऊण तास चालायची. कुंपणापलीकडे लष्कराची मोकळी जमीन होती, त्यावर वाळलेलं गवत, आणि माणूस एकही नाही. पूर्वी या बायका तिला हाक मारून बोलायच्या. चौकात तिच्या अभिनंदनाचा फलक लागल्यापासून त्या बाजूला सरकून वाट द्यायच्या आणि ती खाली गेली की मग बोलायला लागायच्या.

दिपाली बावीस वर्षांची. आठवड्यातले सहा दिवस ती चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासायची. दोन वर्षांपूर्वी मोशीच्या औद्योगिक प्रदर्शनात कंपनीला स्टॉलवर उभी करायला एक उंच मुलगी हवी होती, म्हणून साडी नेसवून तिला पाठवलं. तिथे ऋचा मॅडमनी तिला पाहिलं. पिंपळे गुरवमध्ये त्या सौंदर्यस्पर्धांना जाणाऱ्या मुलींना तयार करायच्या. त्यांनी तिला चालायला, बसायला, माइकसमोर इंग्रजीत उत्तर द्यायला शिकवलं. पुण्याची फेरी झाली, राज्याची झाली, मग जयपूरला देशाची. तिथे ती दुसरी आली आणि मनिलाला होणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारताकडून जायचं तिचं नक्की झालं.

जयपूरच्या हॉटेलात खोलीतल्या मुली रोज शाळेतल्या गमती सांगत. तिची पाळी आली की ती म्हणायची, "माझी शाळा साधीच होती." त्यापुढे सांगण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. आठवीचं वर्ष अर्ध्यावर सुटलं होतं, आणि त्यानंतरच्या दीड वर्षाचं नाव तिच्या घरात कोणी काढत नव्हतं.

चौदाव्या वर्षी बीडकडच्या त्यांच्या गावात मामाच्या मुलाशी, सुजितशी, तिचं लग्न लावलं गेलं होतं. पत्रिका छापली नाही, फोटो काढले नाहीत. सगळ्यांना कायदा ठाऊक होता, म्हणूनच. पंधराव्या वर्षी ती बाळंत झाली. दवाखान्यात सासूने तिचं वय अठरा सांगितलं. बाळ तासाभरात गेलं आणि ती स्वतः बारा दिवस खाटेवरून उठली नाही. मग सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं आणि वर्षाच्या आत सुजितसाठी दुसरी मुलगी आणली. गावात तोंड दाखवायला नको म्हणून वडील ज्ञानदेव बिऱ्हाड घेऊन दिघीला आले आणि एका गोदामात सिक्युरिटीला लागले. दिपालीने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली, बारावी केली, कंपनीत लागली. ते दीड वर्ष सगळ्यांनी मिळून पुरून टाकलं. बाळाला तिने एकदाच, फडक्यात गुंडाळलेलं पाहिलं होतं. ते कोणाला सांगावं असं माणूस तिला सात वर्षांत मिळालं नव्हतं.

एका रविवारी ती गच्चीवरून खाली आली तेव्हा मोबाइलवर मनिलाचा करार येऊन पडला होता. सहाव्या पानावर एक प्रतिज्ञापत्र होतं. नोटरीसमोर सही करून ते शुक्रवारपर्यंत पाठवायचं होतं. 'माझा कोणत्याही धर्माच्या, रूढीच्या वा कायद्याच्या पद्धतीने, नोंदणी करून किंवा न करता, कधीही विवाह झालेला नाही. मला अपत्य झालेलं नाही.' दिपालीने ते चार वेळा वाचलं आणि पिंपळे गुरवची बस पकडली.

"मॅडम, आणि झालं असेल तर?" तिने विचारलं.

ऋचा मॅडम गाऊनच्या बाहीला टाचण्या लावत होत्या. त्यांचा हात थांबला. "कधी?"

"चौदाव्या वर्षी. मूलही झालं होतं. गेलं ते."

मॅडमनी टाचण्यांची डबी बंद केली. मग जवळ येऊन त्यांनी तिचा हात हातात घेतला. "कागद आहे काही? फोटो?"

"नाही."

"मग सही कर. तुझ्या भल्याचं सांगते, दिपाली. ते तुझ्यावर लादलं होतं. गुन्हा दुसऱ्यांचा, शिक्षा तू का भोगायची?"

या बोलण्यात दिपालीला खोट काढता येईना. सही करायची असं ठरवूनच ती निघाली. मुलगा होता की मुलगी, एवढं तरी मॅडम विचारतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी विचारलं नाही. त्यांना गाऊन संपवायचा होता.

घरी दुपारची जेवणं चालली होती. आई सुमन स्टोव्हपाशी भाकरी थापत होती. धाकटी सई, दहावीतली, कोपऱ्यात विज्ञानाची वही घेऊन बसली होती.

"अण्णा, एका कागदावर सही करायचीय," दिपाली म्हणाली. "लग्न झालं नाही म्हणून."

"मग कर की," ज्ञानदेव घास न थांबवता म्हणाले. "झालंय कुठं लगीन? आमी तर इसरूनबी गेलो."

"कुणी इचारलं तर आमीबी तेच सांगू," आई म्हणाली. "तू घोर लावून घिऊ नको."

ज्ञानदेव पाणी प्यायले. आज ते खुशीत होते. "अन् एक बरं झालं बग. तुजा त्यो चौकातला फोटो गावाकडं मोबाइलवर फिरला. त्यो बघून सईला स्थळ आलंय. केजकडचं घर हाय, पोरगा पोकलेन चालवतो. दिवाळीत जाऊन उरकून टाकू."

सईने वहीतून मान वर काढली नाही.

"अण्णा, ती पंधरा वर्षांची आहे."

"तू चवदाची व्हतीस."

"म्हणूनच म्हणते."

"मग काय बिघडलं तुजं?" ज्ञानदेवांनी तिच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. "ल्हानपणी लगीन झालं की पोरीचं वाटुळं व्हतं म्हनत्यात. तुजं झालं का? आता इमानात बसून चाललीस. सांग की, काय बिघडलं?"

त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. दिपालीला ते सर्वांत जास्त लागलं. तिने आईकडे पाहिलं. बारा दिवस दवाखान्यात तिच्या उशाशी बसलेली तीच बाई होती. सुमनने तव्यावरची भाकरी उलटली आणि पाठ फिरवून ती पीठ काढायला गेली.

संध्याकाळी दिपाली सईला घेऊन गच्चीवर गेली. सगळं सांगायचं म्हणूनच गेली होती. दिपाली दवाखान्यात होती तेव्हा सई आठ वर्षांची होती, आणि ताई तेव्हा आजारी होती एवढंच तिला सांगितलेलं होतं.

"तुला करायचंय का लग्न?" दिपालीने विचारलं.

"मला कोण विचारतंय?" सई म्हणाली. मग तीच म्हणाली, "पोरगा बरा दिसतो फोटोत. आणि आई म्हणते, ताईचं कसं छान झालं, तसं तुझंही होईल."

इतकी वर्षं न बोललेली गोष्ट कुठून सुरू करायची तेच दिपालीला कळेना. दोघी खाली आल्या.

सोमवार गेला, मंगळवार गेला. शिफ्टमध्ये ती हातातले भाग तपासायची आणि मनात एकच हिशोब मांडायची. सही केली की ते लग्न झालंच नाही, ते बाळ झालंच नाही, असं ती स्वतः लिहून देणार. मग सईच्या मांडवात उभं राहून ती कुठल्या तोंडाने अडवणार? तिचं नाव पुढे करून उद्या गावातले आणखी किती बाप हाच प्रश्न विचारणार?

गुरुवारी पहिली शिफ्ट संपवून ती पिंपरीच्या कोर्टाबाहेर नोटरीकडे गेली. टायपिस्टने मजकूर वाचून दाखवला. "बरोबर?"

"नाही. दुसरा लिहायचाय. मी सांगते."

तिने गावाचं नाव सांगितलं, तारीख सांगितली, आपलं तेव्हाचं वय सांगितलं, लग्न लावणाऱ्यांची नावं सांगितली. वडिलांचं नावही तिने गाळलं नाही. टायपिस्टची बोटं हळू झाली.

"अपत्य?" त्याने पडद्याकडे बघतच विचारलं. "मुलगा लिहू का मुलगी?"

"मुलगी," दिपाली म्हणाली. "जन्मली त्याच दिवशी वारली."

कोर्टाबाहेरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, अनोळखी माणसासमोर, ती सात वर्षांत पहिल्यांदा रडली. टायपिस्टने पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि तो शेवटची ओळ टाइप करू लागला.

सही केलेल्या कागदाची एक प्रत तिने मनिलाला पाठवली. दुसरी घेऊन ती बालविवाह रोखण्याचं काम करणाऱ्या इंदुताईंकडे गेली. मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या नंबरवर तिने फोन केला होता तेव्हा तिथल्या बाईंनी त्यांचा पत्ता दिला होता. इंदुताईंनी कागद वाचला, चष्मा काढला.

"वडिलांवर गुन्हा दाखल होऊ शकतो. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"धाकटीचं अजून व्हायचंय. आधी हमीपत्र घेऊन बघू. पण घरातली माणसं तुला धरून राहतील असं समजू नकोस."

रविवारी दुपारी इंदुताई एका महिला पोलिसाला घेऊन आल्या. जिन्यात सगळी इमारत जमली. सई अठरा वर्षांची होईपर्यंत तिचं लग्न करणार नाही, असं ज्ञानदेवांनी लिहून दिलं. माणसं गेल्यावर ते दिपालीला म्हणाले, "जगाला दाखवायला तुला आमीच सापडलो."

"तुम्ही विचारलं होतं, काय बिघडलं," दिपालीने प्रतिज्ञापत्राची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. "ह्यात लिहिलंय, अण्णा."

त्यांनी तो कागद उचलला नाही. शेवटी सईने घेतला आणि भिंतीकडे तोंड करून शेवटपर्यंत वाचला.

"मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. तिच्या आवाजात आभार नव्हते. रागच होता.

जयपूरच्या स्पर्धेचे आयोजक केयूर यांचं दोन ओळींचं पत्र आलं. नियमांनुसार आपली निवड रद्द, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मनिलाला दुसरी मुलगी गेली. ऋचा मॅडमचा फोन एकदाच आला. त्या म्हणाल्या, "तू मोठं काम केलंस," आणि फोन ठेवला.

ज्ञानदेवांनी तिच्याशी बोलणं टाकलं. महिन्याभरात ती संत तुकाराम नगरमध्ये नोकरी करणाऱ्या मुलींच्या एका खोलीत राहायला गेली. खोलीतल्या तिघींच्या शिफ्ट वेगळ्या होत्या. आठवडाआठवडा कोणाची गाठ पडायची नाही. वडील ड्यूटीवर असले की आई फोन करायची. दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलायची आणि मग म्हणायची, "सई बसलीय अभ्यासाला." एवढंच. दिपालीला तेवढं पुरायचं नाही, पण आईला तेवढंच जमायचं.

जानेवारीत एकदा इंदुताईंचा फोन आला. चाकणजवळच्या कामगार वस्तीतून त्यांनी एक मुलगी सोडवून आणली होती. वय चौदा, लग्नाला चार दिवस झालेले. मुलगी जेवत नव्हती, कोणाशी बोलत नव्हती. "तू येशील का जरा? काही समजवायला नको. नुसती बस तिच्यापाशी."

शिफ्ट संपवून दिपाली इंदुताईंच्या संस्थेत गेली. मुलगी भिंतीला टेकून बसली होती, हातावरची मेंदी अजून लालभडक. दिपाली तिच्या शेजारी फरशीवर बसली.

"तुमी मॅडम हाव का?" शेवटी मुलीने विचारलं.

"नाही. माझं लग्नही चौदाव्या वर्षी झालं होतं."

मुलीने पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं. दिपाली सांगू लागली. काही गाळलं नाही, काही वाढवून सांगितलं नाही. बाहेर दिवेलागण झाली तेव्हा मुलीने समोरचं ताट ओढून घेतलं आणि दोन घास खाल्ले.

निघताना इंदुताई फाटकापर्यंत आल्या. "पुन्हा बोलावलं तर येशील?"

दिपालीने वळून त्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं.

"येईन, ताई. पण पुढच्या वेळी लग्नाच्या आधी बोलवा."