माझ्या टोकाशी पुरा दाब होता

मी एका जुन्या हायब्रिड गाडीतला कन्व्हर्टर आहे. मित्रांनो, माझं नाव तुम्ही फारसं ऐकलं नसेल. हायब्रिड गाडीत एक मोठी बॅटरी असते. तिच्यातल्या विजेचा दाब इतका असतो की माणसाचा जीव जाईल. दिवे, भोंगा, काच पुसणारे वायपर, हिटरचा पंखा यांना मात्र जेमतेम चौदा व्होल्ट लागतात. तो मोठा दाब उतरवून यांना पुरवायचा, हे माझं काम. डिकीत एक लहान बॅटरी असते, तीही मीच भरत ठेवतो.

मी जपानमधल्या एका कारखान्यात तयार झालो. समुद्राकाठच्या एका गावात गाडी काही वर्षं चालली, मग जहाजात चढली आणि पुढे रेल्वेने मंगोलियात, उलानबातरला आली. तिथे गेरेलमाने ती घेतली. गेरेलमा पन्नाशीची, आवाजाने खणखणीत. शहराच्या उत्तरेला टेकडीवर कुंपणं घातलेली घरं आणि लोकरीच्या जाड नमद्याचे गोल तंबू आहेत, तिथे ती राहायची आणि गाडीवर पोट भरायची.

तिचं एक गिऱ्हाईक ठरलेलं होतं. शेजारचे सोदनोमकाका. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा त्यांना रक्त शुद्ध करून घ्यायला इस्पितळात जावं लागे. ते मागच्या सीटवर बसले की गेरेलमा हिटर पूर्ण सोडायची.

"अगं, भाजून काढतेस का मला?" काका म्हणायचे.

"गप बसा. गारठलात तर तुमची म्हातारी माझ्या नावाने शंख करेल."

एका हिवाळ्यात कोळशाचा धूर इतका साचू लागला की पुढची गाडी दिसेना. तेव्हा गेरेलमाच्या धाकट्या भावाने, जामसरानने, गाडीला जास्तीचे दोन दिवे बसवले. त्यासाठी त्याने बॉनेटखालचा फ्यूजचा डबा उघडला. माझ्यापासून निघणारी जाड वायर तिथे एका नटाने कसलेली असते. त्याने ती सोडली, दिव्यांची वायर तिच्याखाली घातली आणि नट परत बसवला. बाहेर उणे तीस होतं. त्याची बोटं वळत नव्हती. नट पुरता आवळला गेला नाही.

काही दिवस काहीच झालं नाही. मग गाडीला धक्के बसतील तसा तो सांधा सैल होत गेला, तापू लागला, काळा पडला. मी चौदा व्होल्ट देत होतो, पण सांध्यापलीकडे ते पोचत नव्हते. दिवे मिणमिणू लागले. समोरच्या पडद्यावर लाल खूण आली. जामसरानने डिकीतली बॅटरी बदलली. आठवड्यात नवीही उतरली.

आणि एका सकाळी, इस्पितळाच्या वाटेवर, चढावर गाडी बंद पडली. हिटर थांबला. थोड्याच वेळात काचांवर आतून बर्फ धरला. गेरेलमाने स्वतःचा जाड कोट काढून काकांच्या पायांवर टाकला आणि रस्त्यात उभी राहून हात हलवू लागली. गाड्या बाजूने निघून जात होत्या. धुरात ती कुणाला दिसत तरी होती की नाही, कोण जाणे.

"बाई, तू आत बस," काका दार उघडून म्हणाले. त्यांचे ओठ निळे झाले होते. "आज नाही गेलो तर उद्या जाईन."

"उद्याचं उद्या. दार लावा आधी!"

शेवटी दूधवाल्याचा एक ट्रक थांबला. त्याने काकांना शेजारी बसवून नेलं. उशीर झाल्याने इस्पितळात मशीनवरची त्यांची जागा दुसऱ्याला दिली होती. तिथल्या परिचारिकेने कशीबशी पुन्हा मिळवली. काका वाचले, पण दोन दिवस उठले नाहीत.

ओढून आणलेल्या गाडीभोवती संध्याकाळी बहीणभावाची जुंपली.

"ताई, कन्व्हर्टर गेलाय," जामसरान म्हणाला. "भंगारात टाक. बाजारात जुना मिळतो, मी आणतो."

"बॅटरी गेलीय असंही तूच म्हणाला होतास."

"मग तूच सांग काय गेलंय!"

"मला कळत असतं तर तुला कशाला विचारलं असतं? मला खुलानला दाखवायचंय."

खुलान पूर्वी विजेवर चालणाऱ्या ट्रॉलीबसच्या कारखान्यात होती, आता तिचं स्वतःचं गॅरेज होतं. कमी बोलायची. तिने डिकीतली बॅटरी आधी बाहेर भरून घेतली, गाडी चालू केली आणि बॅटरीला मीटर लावला. आकडा बरा होता.

"बघ, आता तर काहीच बिघाड दिसत नाही," जामसरान म्हणाला.

"थांब. ताई, सगळं लावा. दिवे, पंखा, मागच्या काचेचा हिटर, सगळं."

आकडा उतरू लागला. तेरा, बारा, त्याच्याही खाली.

"झालं ना? कन्व्हर्टरच!" असं म्हणत जामसरान बॉनेटखाली वाकला आणि त्याचा हात नारिंगी वायरीकडे गेला.

"हात मागे घे!" खुलान ओरडली. "त्या वायरीत मोठा दाब आहे. तुझ्या आईला काय सांगू मी?"

तो दोन पावलं मागे सरला. तिने सगळं तसंच चालू ठेवून मीटरची सुई माझ्या टोकाला टेकवली. चौदा. मग सांध्यापलीकडे टेकवली. साडेअकरा. मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं ते कसं सांगू? इतके दिवस मला कुणी विचारलंच नव्हतं.

"हा पुरं देतोय," ती म्हणाली. "वाटेत खाल्लं जातंय."

गाडी बंद करून, लहान बॅटरी सोडवून तिने नट हाताने फिरवला. तो सहज फिरला. जामसरानने वाकून तो काळा सांधा पाहिला.

"मीच बसवला होता," तो म्हणाला. "काकांना मी जाऊन सांगतो."

"सांग," गेरेलमा म्हणाली. "आणि टोपी घालून जा, मूर्खा."

खुलानने सांधा घासून नट घट्ट आवळला आणि त्यानंतर मी आणखी काही हिवाळे काढले. मग मात्र माझ्याच पोटातले भाग थकले. तापलो की माझा दाब पडायचा. खुलानने तशीच तपासणी केली. सांधे पाहिले, मला गार ठेवणारं पाणी फिरतंय का ते पाहिलं, गाडी तापवून पुन्हा मोजलं.

"ताई, या वेळी तोच आहे."

"नीट बघितलंस ना?"

"तुमच्यासमोरच बघितलं."

गेरेलमाने मान हलवली. खुलानने जाड रबरी हातमोजे चढवले, मोठ्या बॅटरीचा खटका काढला, साठलेली वीज उतरेपर्यंत थांबली आणि मला बाहेर काढलं. सोदनोमकाका शेजारी चहाचा वाडगा धरून बसले होते. "बरंच ओढलंस रे," ते मला म्हणाले. मला वाईट वाटलं, पण तक्रार नव्हती. पहिल्या खेपेस खुलानने खरं सांगितलं होतं, आताही खरंच सांगितलं.

मी आता तिच्या गॅरेजमधल्या फळीवर असतो. मित्रांनो, वस्तू जपा एवढंच मी म्हणणार नाही. वस्तू झिजतातच. पण कुणाला निकामी ठरवण्याआधी त्याच्यापर्यंत जा, त्याच्या टोकाशी काय आहे ते मोजा. आणि मग जे निघेल ते सांगा, गोड असो की कडू.

परवा एक माणूस गोणीत घालून एक कन्व्हर्टर घेऊन आला. "खराब आहे, दुसरा द्या," म्हणाला.

"मोजलं कुणी?" खुलानने विचारलं.

तो गोणीचं तोंड सोडू लागला. तिने गोणी उचलून त्याच्या हातात परत दिली.

"याला एकट्याला आणून काय कळणार? जा, गाडी घेऊन या."