उलटा तक्ता

धाकटी जाऊ माझ्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला आली, तेव्हाच मी नवऱ्याला म्हटलं, "घरात कमी होती, म्हणून आता तिथेही!" सासूबाईंना तिचं सगळंच गोड. माझी लेक तिच्याच वर्गात, त्यामुळे जेवताना "काकू असं म्हणाली, काकू तसं म्हणाली." मी ताट घेऊन उठायची.

शेवटच्या वर्षाचा वर्ग कायम माझा. यंदा तो दोघींपैकी कोणाला द्यायचा हे ठरवायला प्राचार्य तिच्या तासाला बसणार होते. मीही मागच्या बाकावर जाऊन बसले. तिच्या चुकीची वाट बघत होते, खोटं कशाला बोलू?

आणि चूक समोरच टांगलेली! बंधन ऊर्जेचा, म्हणजे अणुकेंद्रातले कण किती घट्ट बांधलेत त्याचा आलेख, माझ्या हातचा तक्ता. एका टोकाला हलकी अणुकेंद्रं, दुसऱ्या टोकाला युरेनियम, मधे शिखरावर लोखंड. बाईसाहेबांनी तो चक्क उलटा लावला होता, अक्षरांचे पाय वर.

मला राहवलं नाही. "सर, तक्ता उलटा लागलाय."

"मुद्दाम लावलाय, ताई," जाऊ म्हणाली.

"का?" प्राचार्यांनी वर्गाला विचारलं. नेमकी माझीच लेक उठली.

"सर, लोखंड शिखरावर दिसलं की वाटतं, सगळ्यात जास्त ऊर्जा त्याच्याकडेच साठलीय. उलट आहे. कण एकत्र बांधले जाताना ऊर्जा बाहेर टाकतात. तेवढी परत दिल्याशिवाय ते सुटत नाहीत. लोखंडात दर कणामागे सगळ्यात जास्त ऊर्जा आधीच निघून गेलेली असते, म्हणून ते तळाशी. हलकी केंद्रं जुळली किंवा युरेनियम फुटलं, तरी दोन्ही बाजूंनी तळाकडेच घसरण. घसरताना जी सुटते, ती ऊर्जा आपल्याला मिळते."

एवढी वर्षं मी हा आलेख शिकवला, पण असा मलाही कधी दिसला नव्हता. माझा जळफळाट झाला. लेक हुशार निघाली, तर तीही काकूची?

"छान! कोणी शिकवलं?" प्राचार्य म्हणाले.

लेकीने काकूकडे पाहिलं. मग मान वळवून मागे माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय दिसलं तिला, देव जाणे.

"दोघींनी," ती म्हणाली.

"तक्ता ताईंचाच आहे ना," जाऊनेही लगेच री ओढली.

प्राचार्य माझ्याकडे बघून हसले. पोटची पोर माझी कीव करून खोटं बोलली होती, आणि मी मान डोलावली.