भेगेवरची काच

तिनं काचपट्टीच्या कडेवर अंगठा दाबला आणि प्लॅस्टर आत गेलं. वर्षभरापूर्वी लावलेलं प्लॅस्टर दगडासारखं असायला हवं होतं.

प्रार्थनाघराच्या पूर्वेकडच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत भेग होती. भिंत हलते का, हे कळावं म्हणून तिनंच भेगेवर ही पातळ काच प्लॅस्टरनं आडवी चिकटवली होती. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. दर महिन्याला येऊन ती बघायची, काच धड दिसायची, आणि ती ‘हालचाल नाही’ असं लिहून सही करायची. आज अकरा वाजता वारसा समितीची माणसं येणार होती. दीडशे वर्षांची ही इमारत शहराच्या वारसा वास्तूंच्या यादीत घालायची, तर इंजिनिअर म्हणून तिची शेवटची सही लागणार होती. पावणेअकरा झाले होते.

देखभाल करणारे तिचे मामा खुर्च्या पुसत होते. पुसलेलीच खुर्ची पुन्हा पुसत होते.

“मामा, ही काच कधी बदलली?”

“काच? छे गं.”

“प्लॅस्टर अजून ओलं आहे.”

मामांचं फडकं थांबलं. खोटं बोलणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. पत्त्यांतसुद्धा चांगली पानं आली की ते लाजायचे.

“काल रात्री,” ते म्हणाले.

“त्याआधी?”

“बदलली असेल पाच-सहा वेळा.” ते एकदम तिच्याजवळ आले. “काच फुटली म्हणून कळलं असतं तर पाडायलाच आले असते ना? एकदा यादीत नाव लागू दे, मग कोण हात लावतंय!”

“अहो, वेळेवर कळलं असतं तर पायाच बांधून काढला असता!”

हे त्यांना माहीत नव्हतं. चेहऱ्यावरूनच कळलं.

बारा सह्या, सगळ्या तिच्या.

“मागच्या महिन्यात इथं दोनशे माणसं होती, मामा. माझी पोरगी होती.”

“तिला मी शेवटच्या रांगेत बसवलं होतं,” मामा घाईघाईनं म्हणाले. “मुद्दाम. दाराजवळ.”

ती भिंतीलगतच्या खुर्च्यांकडे बघत राहिली.

“आणि इथं कोण बसलं होतं?”

मामांनी फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

बाहेर गाडीची दारं वाजली. हसण्याचे आवाज पायऱ्या चढून आले. ती जवळजवळ पळतच दाराशी गेली आणि दोन्ही हात पसरून उंबऱ्यात उभी राहिली.

“अहो बाई, वाट तरी द्या,” समितीचे अध्यक्ष हसत म्हणाले. “फलक कुठं लावायचा ते बघायला आलोय.”

“आत कुणी यायचं नाही,” ती म्हणाली. मग मागं न बघताच तिनं हाक मारली, “मामा, आधी तुम्ही बाहेर या.”