उडालेल्या चिमणीचं गणित

मित्रांनो, मी एक जुनी चिमणी आहे, पण चिंध्यांची. मला उडता येत नाही. तरी जन्मभर नोकरी केली ती उडण्याचीच.

हडपसरच्या एका बालवाडीत मथुराबाई मदतनीस होत्या. ब्लाउजच्या तुकड्यांतून त्यांनी आम्हा पाच चिमण्यांना शिवलं. चौघींच्या वाट्याला जरीकाठ आला, माझ्या वाट्याला अस्तर. तिथल्या शिक्षिका सत्यशीलाबाईंनी पुठ्ठ्याचं झाड करून आम्हाला त्यावर अडकवलं आणि मुलांना विचारलं, "झाडावर पाच चिमण्या होत्या. दोन उडाल्या. किती उरल्या?"

उडालेल्या चिमण्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जात. माझा एक पंख लवकरच उसवला, कापूस बाहेर आला. तेव्हापासून उडायला दर वेळी मीच. एकदा कोणी पाहुणे आले. "वा, काय कल्पक साधन!" म्हणत त्यांनी झाडाचे फोटो काढले. मी डब्यात होते. सुरुवातीला वाईट वाटायचं, मग काही वाटेनासं झालं.

मुलं आधी आम्हाला बोट लावून मोजतात. मग नुसतं बघून सांगतात. पुढे बघतही नाहीत. आमची गरज उरली नाही की मूल शिकलं असं समजायचं. असला धंदा आमचा.

गेल्या वर्षी जोया आली. घरी हिंदी-उर्दू बोलणारी, हसरी पोर. पण गणितात तिचं उत्तर हमखास चुकायचं. पाचातून दोन उडाल्या, किती उरल्या? "दोन." चारातून एक उडाली? "एक." बाईंनी समजावून पाहिलं, हळू विचारलं, मोठ्यानं विचारलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनी तिच्या आईला, शबनमला, बोलावून घेतलं.

"अहो, पहिलीची घाई नको. अजून एक वर्ष बसू द्या इथंच."

"असं नका करू बाई," शबनम म्हणाली. "तिची मैत्रीण सृष्टी पुढं जाणार. ही एकटी मागं राहिली तर शाळेचं नावच घेणार नाही."

जोया आईची ओढणी धरून उभी होती. बाईंनी उसासा टाकला, मला आणि आणखी एकीला झाडावरून काढून डब्यात टाकलं, झाकण लावलं आणि पुन्हा तेच विचारलं.

"दोन," जोया म्हणाली.

"कशा दोन? दाखव बरं मला."

जोया झाडाकडे गेलीच नाही. ती डब्यापाशी आली. नखांनी झाकण उचकटलं आणि माझ्यावर बोट ठेवलं.

"ह्या. ह्या उडाल्या ना."

"उडाल्या नाही गं, उरल्या."

"हां. उडाल्या."

'उडाल्या', 'उरल्या', दोन्ही शब्द बाईंनी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिले. मग हळूच विचारलं, "जोया, झाडावर किती राहिल्या?"

"तीन." झाडाकडे न बघताच.

शबनमनं ओढणीनं डोळे पुसले. "पाठवा हिला पहिलीत," बाई म्हणाल्या. "वर्षभर बरोबर उत्तर देत होती. नापास करायचंच तर मला करा."

बाई आता 'राहिल्या' असं विचारतात आणि नव्या मुलांना आधी बोटानं दाखवायला लावतात. जोया जूनमध्ये सृष्टीबरोबर गेली. मी अजून डब्यातच आहे. पंख तसाच उसवलेला.

मित्रांनो, कुणाचं उत्तर चुकलं तर हसू नका. त्याला प्रश्न काय ऐकू आला, ते आधी विचारा. आणि माझ्यासारखं काही हाताशी असेल, तर एखादा टाका घाला. नाही जमलं तरी चालेल, मला आता दुखत नाही. पण खेळ संपला की झाकण एकदा उघडा. इतकी मुलं आली आणि उरलेल्या मोजून गेली. उडालेल्या मोजणारी ती एकच होती, आणि तिला आम्ही सगळे वर्षभर चूक म्हणत होतो.