आठ किलोंचा क्रूस

मी क्रूस बोलतोय. घाबरू नका, तो यरुशलेमेचा नव्हे! मी मुरुडच्या वाटेवरच्या एका समुद्राकाठच्या गावातला. प्लायवूडचा, आतून पोकळ, वजन आठ किलो. गुड फ्रायडेला मला खांद्यावर घेऊन लोक टेकडीवरच्या चॅपेलापर्यंत जातात.

माझ्या आधीचा क्रूस सागाचा होता. त्याच्याखाली चर्च कमिटीचे अध्यक्ष पास्कूशेठ यांची कंबर धरली. डंपरचे मालक ते, उचलण्याची सवय कुठली! त्यांनी सुताराला सांगितलं, "दिसायला जड पायजे, उचलायला न्हाय." सुतार गालातल्या गालात हसला आणि मला ठोकून मोकळा झाला. वरून रक्ताचे लाल ठिपकेसुद्धा मारले. काय ती हौस!

तेव्हापासून मला उचलायला झुंबड. गुड फ्रायडेआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ लागला की नावांची यादी होते. पायथ्याशी मी कोणालाच नको, शेवटच्या वळणावर मात्र सगळ्यांना हवा, कारण फोटोवाला तिथं उभा असतो. तिथं पास्कूशेठ मला घेतात आणि असे कण्हतात, की मलाच माझ्या वजनाचा संशय येतो.

मला ठेवतात त्याच खोलीत कमिटी भरते. यंदा यादी चालली असताना मासळी विकणारी सिसिलिया आली. तिचा नवरा इनास अकरा वर्षांपूर्वी होडीच्या डोलकाठीवरून पडला, तेव्हापासून कमरेखाली जीव नाही.

"शेठ, इनासला एकदा वर न्यायचंय," ती म्हणाली. "लय इच्छा हाय त्याची. डाक्टर बोलतो, आता जास्त दिवस न्हाईत. चार माणसं द्या."

"सगळी माणसं क्रूसाला लागलीत गो," शेठ म्हणाले. "तू सोस. शास्त्रात काय सांगितलंय? जो दुःखाचा वाटेकरी, तोच गौरवाचा."

शास्त्र खोटं नाही. पण वाटणी बघा: दुःख सिसिलियाला, गौरव शेठना! अस्सा राग आला मला, पण प्लायवूडला विचारतो कोण?

गुड फ्रायडेला शेवटच्या वळणावर शेठ कण्हायला लागले, तोच मागून खरं कण्हणं ऐकू आलं. सिसिलिया चढत होती. पाठुंगळीला इनास, जुन्या साडीने बांधलेला.

"ठेव गो मला, मरशील," इनास म्हणत होता.

"गप ऱ्हा. ते बघ, चॅपेल दिसतंय."

फोटोवाल्याने कॅमेरा तिकडे वळवला. शेठ कण्हायचे विसरले. इनास वेदीसमोर पोटभर रडला, आणि खरं सांगतो, मलाही भरून आलं.

तो फोटो गावभर फिरला. आठवड्यात कमिटीची नवी यादी तयार: पुढच्या वर्षी इनासला कोण उचलणार! बत्तीस नावं, पहिलं पास्कूशेठांचं. सिसिलियाला बोलावून ती वाचून दाखवली.

"पुढच्या वर्षाचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "रोज सकाळी त्याची कूस बदलायला, घाण काढायला दुसरा हात लागतो. उद्या कोण येतो, लिवा. तिथं फोटोवाला न्हाय."

तिने कोरा कागद पुढे केला. मग तो माझ्यावरच टाचला आणि ती निघून गेली.

त्याला तीन महिने झाले. मी कमिटीच्या खोलीत लाउडस्पीकरच्या भोंग्यांशेजारी धूळ खात उभा आहे आणि माझ्या आडव्या फळीवर तो कागद टाचलेला आहे, अजून कोरा. माझ्यासाठी पुढच्या उपासकाळात खुशाल भांडा. पण बाबांनो, इनासपाशी तेवढा वेळ नाही. त्याचं घर टेकडीच्या पायथ्याशीच आहे. चढ अजिबात नाही.