पाठीवरचं वाक्य

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढं मी एक जुनं कार्ड आहे. जर्मनीतल्या येना शहरातल्या एका शब्दकोशाच्या कचेरीत, लाकडी खणात माझं आयुष्य गेलं. माझ्यावर एकच शब्द आहे, ‘बाऊझ’. इंग्रजीतला, कधीच मोडीत निघालेला. माझ्या पोटावर त्याचा पहिला अर्थ आहे: घटाघटा दारू ढोसणे.

१९५६ साली तिथे काम करणाऱ्या फ्राऊ लिंडनर, म्हणजे लिंडनरबाई, यांनी मला लिहिलं. तेव्हा त्या विशीतल्या होत्या. कचेरीचा नियम कडक होता: ज्या अर्थाला कुणी वापरलेलं वाक्य नाही, तो अर्थ कोशात नाही. कागदाची टंचाई होती, म्हणून दुसरा अर्थ त्यांनी माझ्या पाठीवर लिहिला: खलाशांनी कप्पीवरचा दोर जोर लावून ओढणे. खालचं वाक्य त्यांच्या वडिलांचं. ते रोस्टॉकचे खलाशी, इंग्रजी जहाजांवर राबलेले. ‘वादळात सगळ्यांनी मिळून दोर बाऊझ केला, म्हणून घरी आलो.’ पुढच्या सफरीहून ते आले नाहीत.

पूर्वी मोठमोठे विद्वान मला जपून हातात घ्यायचे. मग संगणक आले आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना. खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटायचं.

२००४ साली आमचे फोटो काढून आम्हाला रद्दीत द्यायचं ठरलं. पुण्याहून पीएचडीसाठी आलेली सुमेधा आम्हाला एकामागून एक स्कॅनरमध्ये सरकवायची. ‘ए’ची कार्डं संपली, ‘बी’ची सुरू झाली. एकदा मी तिच्या हातातून निसटलं आणि पालथं पडलं. मला उचलताना तिची नजर माझ्या पाठीवर गेली.

“श्रीरंग, अरे, मागेपण लिहिलंय! आपण एकच बाजू स्कॅन करतोय.”

श्रीरंग तिचा सहकारी, शेजारच्या मशीनवर बसणारा. तो हळूच म्हणाला, “आल्झो, म्हणजे... ‘ए’ची खोकी सोमवारीच आल्टपापियरमध्ये, रद्दीत गेली. गप्प बस ना. तुझा फरट्राग, कामाचा करार, पुढच्या महिन्यात संपतोय, तो वाढायला हवा. कोणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना,” ती म्हणाली.

फ्राऊ लिंडनर निवृत्त झाल्या होत्या, तरी दर बुधवारी काम तपासायला यायच्या. सुमेधाने मला त्यांच्यापुढे ठेवलं आणि अडखळत सगळं कबूल केलं. त्यांनी मला उलटलं. वडिलांचं वाक्य मोठ्याने वाचलं. आज ते वाक्य गेलं असतं, तर त्यांच्या वडिलांचा शब्द फक्त दारुड्यांचा म्हणून उरला असता.

“‘ए’ची वाक्यं आता परत येणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “खुर्ची जवळ घ्या. ‘बी’ पहिल्यापासून करू.”

सुमेधाचा करार वाढला नाही. पण उरलेले चार आठवडे तिने प्रत्येक कार्ड दोन्ही बाजूंनी स्कॅन केलं, आणि पंचाहत्तरीकडे झुकलेल्या फ्राऊ लिंडनर रोज तिच्या शेजारी बसून कार्डं उलटत राहिल्या. आता मी त्यांच्या टेबलावर असतं.

मित्रांनो, जुनं काही टाकायचं असेल तर खुशाल टाका. पण टाकण्याआधी एकदा उलटून बघा. मी हातातून पडलं म्हणून वाचलं. ‘ए’ची कार्डं मात्र कुणाच्या हातातून पडली नाहीत.