राऊंडच्या आधीची पावडर

अगं थांबा, चहा नंतर, आधी ऐका! लतिका, बस तू खाली. डोकं फिरलंय माझं रागाने!

तो चार नंबरचा पाळणा आहे ना, लालबागच्या कमलबाईंचा मुलगा, सहा दिवसांचा? तोच. आपण राऊंडच्या आधी काय करतो? सगळ्या पोरांना आंघोळ, तोंडभर पावडर, मुठी दुपट्यात गुंडाळायच्या नि ओळीने पाळण्यात. दामले सिस्टरचा हुकूम! पोरं चकचकीत दिसली पाहिजेत. मोठे डॉक्टर पायथ्याशी उभे राहतात, "छान, छान" म्हणतात, चालले पुढे. त्या पोराला इतके दिवस पावडर कोण फासत होतं? मी! ह्याच हातांनी.

आणि कमलबाई पहिल्या दिवसापासून सांगतेय, "सिस्टर, बाळ पिताना दमतं हो. जांभळं पडतं." तर दामले सिस्टर काय म्हणाल्या माहितीय? "सावळंच आहे की पोर तुमचं, जांभळं कुठलं!" वर हसल्या. मीपण हसले गं. लाज वाटते आता.

मग काल हरताळ. बसगाड्या बंद, रमाबाई आया वरळीला अडकली, दामले सिस्टर दादरला. बाहेर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा, आत अकरा पोरं नि मी एकटी. कसली आंघोळ नि कसली पावडर! चार नंबरला पाजायला घेतला, तर ओठ, नखं, जीभ, सगळं शाईत बुडवल्यासारखं. रडायला लागला तसा आणखीच काळवंडला. मी सरळ कमलबाईंना आत घेतलं.

"आत घेतलंस? आईला?" सुमेधा, ओरडू नको, हो, पोरांच्या वॉर्डात आईला बंदी असली तरी घेतलं! तिने काय केलं, त्याचे गुडघे पोटाशी दुमडले, छातीशी उभा धरला नि गप्प केला. मग ड्रॉपरने थेंब थेंब दूध. हळूहळू रंग निवळला गं. मला म्हणते, "ताई, हेच सांगत होते ना मी?" मी पुढचा ड्रॉपर भरून दिला.

आज सकाळी दामले सिस्टरना सगळं सांगितलं, हृदयाचंच काही असेल म्हटलं. तर म्हणे, "दुसऱ्या वर्षाची पोरगी तू, हार्टचं निदान करणार? आंघोळ घाल त्याला." मी नाही म्हटलं. तर रमाबाईकडून घालून घेतली! पोर दोनदा कण्हलं नि मलूल पडलं. आणि त्याच तोंडावर पावडर थापली त्यांनी. स्वतः!

तेवढ्यात डॉक्टर आले. पायथ्याशी उभे राहिले, "छान" म्हणायला तोंड उघडलं, नि मी ओला बोळा घेऊन पोराचं तोंड पुसलं. खसकन मूठ सोडवून नखं दाखवली. डॉक्टर वाकले. छातीला नळी लावून किती वेळ ऐकत होते! मग एकदम, "ऑक्सिजन आणा! कधीपासून आहे हे?"

दामले सिस्टर म्हणाल्या, "आजच, सर."

मी म्हटलं, "खोटं आहे. पहिल्या दिवसापासून. आई सांगत होती, आम्ही झाकत होतो."

"मेलीस तू, कांता!"

मरेन की, लतिका! ते पोर मरत होतं ना आमच्यामुळे! डॉक्टर म्हणाले, जन्मापासून हृदयात दोष आहे. ऑपरेशनचं नंतर बघू, आधी जगायला पाहिजे. रडवायचं नाही, आंघोळ बंद, तासातासाला थोडंथोडं दूध, आणि आई जवळ राहील. जगेल का, विचारलं मी. ते परत नळी लावून ऐकायला लागले.

आता मेट्रनने बोलावलंय साडेचारला. माफी लिहून द्या म्हणे, सीनियरचा अपमान केला. लतिका, "देऊन टाक" म्हणू नकोस मला! कमलबाईंना कोणी दिली माफी लिहून?

सोडा, वाट सोडा माझी. साडेतीन होतायत. त्याच्या दुधाची वेळ झाली, आणि कमलबाई एकटी आहे तिथे. रमाबाईने बाटली कोंबली त्याच्या तोंडात तर कमलबाई अडवेल, पण तिचं ऐकणार कोण?